ओरांजचं नाव संत्र्यावरून पडलेलं नाही

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू झाली की काटोल, वरुड, मोर्शीकडच्या ग्रुपांवर एक संदेश हमखास फिरतो. यंदा एका दिवसात तो मला चौघांनी पाठवला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं:

"फ्रान्सच्या दक्षिणेला ऑरेंज नावाचं प्राचीन शहर आहे. भारतातून गेलेल्या संत्र्यांच्या तिथे मोठ्या बागा होत्या, म्हणून संस्कृत 'नारंग'वरून शहराला हे नाव मिळालं. तिथल्या राजाने संत्र्याचा रंग आपल्या घराण्याला घेतला आणि तेच घराणं हॉलंडच्या गादीवर बसलं. त्यांच्या मानासाठी डच शेतकऱ्यांनी गाजराचा रंग नारिंगी केला. अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलियात जिथे जिथे ऑरेंज नावाचं गाव, नदी किंवा परगणा आहे, तिथे तिथे आपलं संत्रं पोचलं होतं. अभिमानाने पुढे पाठवा."

मी संत्र्याच्या बागेत वाढले. जंबेरीच्या खुंटावर डोळा कसा भरतात ते अक्षरं गिरवायच्या वयात पाहिलंय, डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, लागलेलं झाड वडिलांनी हाताने खरवडून मलम लावलेलं आठवतं. या फळाचा अभिमान मला कुणी शिकवायला नको, आणि म्हणूनच तो चुकीच्या माहितीवर उभा केलेला मला सोसत नाही. दुसरं असं की या शहराचा खरा इतिहास फार भरगच्च आहे आणि या संदेशात त्यातलं काहीच उरत नाही. एकेक मुद्दा घेते. शहराला फ्रेंच उच्चाराप्रमाणे ओरांज म्हणते, म्हणजे फळाशी आणि रंगाशी गल्लत होणार नाही.

"शहराचं नाव 'नारंग'वरून पडलं."

नाही. ओरांज आहे रोन नदीच्या पूर्वेला, आव्हिन्यों शहरापासून उत्तरेला वीसेक किलोमीटरवर. त्याचं जुनं नाव अराउसिओ. हे नाव रोमनांच्याही आधीचं, तिथल्या गॉल लोकांच्या केल्टिक बोलीतलं आणि एका जलदेवतेचं. अराउसिओचं झिजत झिजत तिथल्या प्रोव्हांसाल बोलीत 'आउरेन्जो' झालं, फ्रेंचमध्ये 'ओरेंज' आणि मग 'ओरांज'.

हे नाव किती जुनं आहे ते एका लढाईवरून कळतं. इसवी सनपूर्व १०५ च्या ऑक्टोबरात या गावाजवळ रोमचा इतका दारुण पराभव झाला की राजधानी हादरली. उत्तरेकडून किंब्री आणि ट्यूटन टोळ्या उतरल्या होत्या. त्यांना अडवायला रोमच्या दोन फौजा होत्या. एकीचा सेनापती काएपिओ, जुन्या खानदानातला. दुसरीचा मॅलिअस, त्या वर्षीचा कॉन्सल, म्हणजे रोमचा वर्षभरासाठी निवडलेला सर्वोच्च अधिकारी, पण त्याच्या घराण्यात आधी कुणी त्या पदाला पोचलं नव्हतं. हुद्द्याने मॅलिअस वरचा होता, तरी कमी कुळाच्या माणसाचा हुकूम काएपिओने मानला नाही. छावणीसुद्धा वेगळी टाकली. दोन्ही फौजा एकामागून एक कापल्या गेल्या. रोमन लेखक ऐंशी हजार सैनिक मेल्याचं सांगतात. आकडा फुगवलेला असू शकेल, पण या धक्क्यामुळेच मारिअस या सेनापतीला रोमने ओळीने पाच वर्षं कॉन्सल निवडलं. इतिहासात ही लढाई अराउसिओची लढाई म्हणूनच नोंदली गेली आहे.

यापेक्षा मला जास्त भावतो तो दुसरा पुरावा, कारण तो शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. इसवी सनपूर्व ३५ च्या सुमारास दुसऱ्या गॅलिक पलटणीतून निवृत्त झालेल्या शिपायांना रोमने इथे जमिनी दिल्या आणि वसाहत उभी केली. पुढे शंभरेक वर्षांत त्यातल्या सरकारी जमिनीवर खासगी लोकांनी हातपाय पसरले. तेव्हा सम्राट व्हेस्पासियनने इसवी सन ७७ मध्ये सगळ्या शिवाराची नव्याने मोजणी करवली आणि नकाशा संगमरवरी फरशांवर कोरून गावात सर्वांना दिसेल असा लावला. पहिला सम्राट औगुस्तुस याने शिपायांना दिलेली, पण काही वर्षं खासगी ताब्यात गेलेली सरकारी जमीन परत मिळवण्यासाठी हे केलं, असं त्यावर कोरलेलं आहे. अतिक्रमण हटाव मोहीमच ती. शिवार चौरसांत आखलेलं होतं. एका चौरसाची बाजू सुमारे ७१० मीटर, म्हणजे एक चौरस साधारण सव्वाशे एकरांचा. प्रत्येक चौरसात लिहिलंय की यातली इतकी जमीन शिपायांची, करमाफ. इतकी भाडेपट्ट्याने दिलेली, तिचा दर इतका. इतकी त्रिकास्तिनी या मूळच्या लोकांना परत केलेली. दगडात कोरलेला सातबारा! त्या फरशांचे तुकडे ओरांजच्या संग्रहालयात, जुन्या रोमन नाट्यगृहासमोर, आजही लावलेले आहेत. मला त्या गावात जायचं असेल तर ते यासाठी.

आता फळाचं वय बघा. रोमनांना महाळुंग माहीत होतं. नारिंग, तेही आधी कडू जातीचं, अरबांबरोबर भूमध्य समुद्राच्या कडेकडेने सिसिली-स्पेनकडे पोचलं ते दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास. गोड जात तर त्याहून चार-पाचशे वर्षांनी. तोवर अराउसिओ हे नाव हजार वर्षांहून अधिक काळ चालू होतं. त्या गावात ४४१ आणि ५२९ मध्ये ख्रिस्ती धर्माच्या दोन महत्त्वाच्या परिषदाही होऊन गेल्या होत्या. फळ युरोपात येण्याआधी गावाला फळाचं नाव कसं मिळेल?

झालं ते एवढंच की दोन वेगळ्या वाटांनी आलेले दोन शब्द जुन्या फ्रेंचमध्ये एकाच उच्चारावर येऊन थांबले. मराठीत हे रोज घडतं. लग्नातला 'वर' आणि माळ्यावरचा 'वर' कानाला एकच, पण पहिला संस्कृत 'वर', दुसरा 'उपरि'. नवरदेव वर बसतो म्हणून त्याला वर म्हणतात असं कुणी सांगितलं तर आपण मानणार नाही.

"तिथे संत्र्यांच्या मोठ्या बागा होत्या."

बागायतदाराच्या घरात कुणालाही हवामान विचारा. रोनच्या खोऱ्यातून उत्तरेचा मिस्त्राल नावाचा गार, कोरडा वारा सुटतो. तो आठवडाभरही थांबत नाही, आणि हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो. १९५६ च्या फेब्रुवारीत प्रोव्हांसमध्ये अशी कडाक्याची थंडी पडली की ऑलिव्हची लाखो झाडं जळाली, आणि ऑलिव्ह हे संत्र्यापेक्षा कितीतरी काटक झाड. त्या भागातली मातब्बर शेती द्राक्षाची आहे. शातोनफ-द्यु-पाप ही नावाजलेली वाइन ओरांज आणि आव्हिन्यों यांच्या मधल्याच टापूतली. फ्रान्समध्ये लिंबूवर्गीय फळांसाठी नाव घ्यायचं ते इटलीच्या सीमेवरच्या, डोंगराने वारा अडवलेल्या मांतों गावाचं, आणि तेही लिंबासाठी. उत्तरेकडचे राजे-सरदार संत्र्याची झाडं मोठ्या पेट्यांत लावत आणि हिवाळ्यात काचेच्या खिडक्या असलेल्या खास दालनांत नेऊन ठेवत.

या मुद्द्याची एक सौम्य आवृत्तीही फिरते: दक्षिणेच्या बंदरांतून पॅरिसकडे जाणारी संत्री ओरांजवरून जात, त्यामुळे फळाच्या नावावर गावाच्या नावाचा परिणाम झाला असावा. असं सुचवणारे अभ्यासक आहेत. पण लक्षात घ्या, यात दिशा उलटी आहे. गावाने फळाच्या नावाला हातभार लावला असेल, फळाने गावाला नाव दिलं नाही.

"ऑरेंज हा शब्द संस्कृत 'नारंग'वरून आला."

हे खरं आहे, फक्त फळाच्या शब्दाबद्दल. संस्कृत 'नारङ्ग', फारसीत 'नारंग', अरबीत 'नारंज', स्पॅनिशमध्ये 'नारांहा'. इटालियन आणि फ्रेंचमध्ये सुरुवातीचा 'न' आधीच्या 'एक' या अर्थाच्या शब्दाला चिकटून गळाला, आणि फ्रेंचमध्ये 'आ'चा 'ओ' झाला. त्यामागे सोन्यासाठी असलेल्या 'ओर' या शब्दाचा हात असल्याचं मानतात. आपल्या 'नारिंगी'त मात्र तो 'न' अजून शाबूत आहे. इंग्रजीत हा शब्द रंगासाठी वापरायला लागले ते सोळाव्या शतकाच्या तोंडाशी. त्याआधी त्या रंगाला 'पिवळा-तांबडा' अशा अर्थाचा जोडशब्द होता.

पण इथेही दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. संस्कृतने हा शब्द बहुधा द्राविडी भाषांकडून घेतला, असं भाषेचे अभ्यासक मानतात. तेव्हा मान द्यायचाच तर आधी दक्षिणेला. आणि 'नारंग' म्हणजे आपलं नागपुरी संत्रं नव्हे. या नावाने पश्चिमेला जे गेलं ते कडू नारिंग. आपलं संत्रं वेगळ्या जातीचं, सैल सालीचं, आणि 'संत्रं' हा शब्दही 'नारंग'च्या कुळातला नाही. बाबराच्या आठवणींत फळाचं नाव 'संगतरा' असं येतं. मोसंबी तर नावातच मोझांबिक घेऊन आली. आपण एकाच टोपलीत टाकतो ती तीन फळं तीन वाटांनी आलेली आहेत.

"तिथल्या राजाने संत्र्याचा रंग घेतला आणि तेच घराणं हॉलंडच्या गादीवर बसलं."

यात नावांची साखळी खरी, पण कड्या भलत्या जोडल्या आहेत.

ओरांज हे मध्ययुगात एक छोटं संस्थान होतं. त्याच्या मूळपुरुषाचा मान परंपरेने सम्राट शार्लमेनच्या काळातल्या गियोम या सरदाराला मिळतो. फ्रेंच वीरगाथांत त्याने हे शहर अरबांकडून जिंकल्याची गोष्ट आहे. त्याचं टोपणनाव 'आखूड नाकाचा'. तो शब्द आणि 'शिंग' हा शब्द फ्रेंचमध्ये जवळचे, म्हणून संस्थानाच्या चिन्हात शिंग आलं. म्हणजे शब्दांच्या सारखेपणावरून चिन्ह ठरवायची सवय तिथे आधीपासूनच होती. बाराव्या शतकात पवित्र रोमन सम्राटाच्या, म्हणजे तेव्हाच्या जर्मन सम्राटाच्या, छत्राखाली इथल्या संस्थानिकाला 'राजपुत्र' (प्रिन्स) ही पदवी मिळाली, आणि मग संस्थान लग्न-वारसांतून एका घराण्याकडून दुसऱ्याकडे गेलं: बो, शालों, आणि १५३० मध्ये मामाकडून भाच्याला मिळून नासाऊ. तो भाचा रेने १५४४ मध्ये सें-दिझिएच्या वेढ्यात मारला गेला. त्याच्यामागे औरस मूल नव्हतं. त्याने ओरांज आपल्या चुलतभावाला दिलं. हा भाऊ म्हणजे जर्मनीत दिलेनबुर्गला जन्मलेला अकरा वर्षांचा विलेम. हाच पुढे स्पेनविरुद्धच्या डच बंडाचा पुढारी झाला आणि १५८४ मध्ये डेल्फ्टला मारेकऱ्याच्या गोळीने मेला.

म्हणजे ओरांजचा कुणी स्थानिक राजा उठून हॉलंडला गेला असं झालेलं नाही. नासाऊ घराण्याच्या बहुतेक जमिनी जर्मनीत आणि नेदरलँड्समध्ये होत्या. ओरांज त्यांना वारशात मिळालं, आणि लहान असूनही ते स्वतंत्र संस्थान असल्याने त्याची पदवी बाकी सगळ्या जहागिरींपेक्षा वरची ठरली. ते 'ओरांजचे राजपुत्र' झाले ते असे. रंग नंतर आला, निव्वळ उच्चार जुळला म्हणून. विलेमच्या बाजूच्या लोकांचा झेंडा नारिंगी-पांढरा-निळा होता. पुढे त्यातल्या नारिंगीची जागा लाल रंगाने घेतली.

याचा साधा पडताळा खुद्द डच भाषेत आहे. डच घराण्याला 'ओरान्ये' म्हणतात, रंगालाही 'ओरान्ये'च. पण फळाला म्हणतात 'सिनासआपल', म्हणजे चीनचं सफरचंद. घराण्याचं नाव फळावरून असतं, तर निदान त्यांच्या भाषेत तरी फळाचं नाव ते राहिलं असतं.

आणि ओरांजचं पुढे काय झालं? विलेमचा मुलगा नासाऊचा मॉरिस याने १६२२ मध्ये तिथल्या टेकडीवर मोठा किल्ला बांधला, त्यासाठी रोमन इमारतींचे दगड वापरले. १६७३ मध्ये चौदाव्या लुईने तो पाडला. याच लुईने रोमन नाट्यगृहाच्या १०३ मीटर लांब, ३७ मीटर उंच भिंतीला 'माझ्या राज्यातली सर्वांत सुंदर भिंत' म्हटल्याचं सांगतात. १७१३ च्या उट्रेख्टच्या तहाने संस्थान कायमचं फ्रान्सकडे गेलं. घराण्याकडे गावातला एक दगड उरला नाही, पदवी मात्र उरली. आज ती नेदरलँड्सची युवराज्ञी कातारिना-अमालिया हिच्याकडे आहे.

आणि हो, ओरांज शहराच्या आजच्या चिन्हात शिंगाबरोबर तीन संत्री आहेत. संदेशवाले हाच पुरावा म्हणून दाखवतील. पण तो श्लेष आहे, नाव जुळल्यावर काढलेलं चित्र. चित्र नावामागून आलं.

"राजाच्या मानासाठी गाजर नारिंगी केलं."

हा भाग मराठीतच नाही, जगभर फिरतो. गाजराची लागवड मध्य आशियात, अफगाणिस्तानच्या आसपास सुरू झाली, आणि ती गाजरं जांभळी आणि पिवळी होती. नारिंगी गाजर युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकात स्थिरावलं आणि त्यात डच शेतकऱ्यांचा मोठा वाटा होता, इथपर्यंत सगळं बरोबर. पण ते कुणा राजपुत्राच्या मानासाठी केलं असं सांगणारा त्या काळचा एकही कागद नाही. शेतकरी वाण कशासाठी निवडतो ते आपल्याला ठाऊक आहे: गोडी, आकार, जमिनीत नीट वाढणं, बाजारात उठाव. डच गाजर आधी रुजलं, पसरलं आणि मग त्याला घराण्याशी जोडणारी गोष्ट तयार झाली, असंच दिसतं. मला तर त्या अनाम शेतकऱ्यांचं श्रेय राजाच्या नावावर जाणं खटकतं. पिढ्यान्‌पिढ्या बी राखून वाण घडवणाऱ्याचं नाव कुठे लागत नाही, आणि वर त्याने ते राजासाठी केलं असं सांगायचं.

"जिथे जिथे ऑरेंज, तिथे तिथे आपलं संत्रं."

हा मुद्दा सर्वांत मोठा आणि सर्वांत चुकीचा, कारण यातली बहुतेक नावं फळावरून नाहीत, त्या डच घराण्यावरून आहेत. म्हणजे पिढ्या मागे नेल्या तर त्या केल्टिक जलदेवतेवरून.

दक्षिण आफ्रिकेतली ऑरेंज नदी गढूळ तांबूस वाहते म्हणून हे नाव, असं तिथेही काही जण समजतात. प्रत्यक्षात १७७९ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी रॉबर्ट गॉर्डन याने ते आपल्या राजघराण्यावरून दिलं. नदीचं तिथलं मूळ नाव गारीप, आणि ते आजही चालतं. ऑरेंज फ्री स्टेट हे १८५४ मध्ये उभं राहिलेलं बोअर, म्हणजे तिथल्या डच वंशाच्या, लोकांचं राज्य त्या नदीवरून ओळखलं गेलं. अमेरिकेत डचांनी १६२४ मध्ये फोर्ट ऑरेंज बांधला. आजचं ऑल्बनी शहर तिथेच आहे. १६७३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क इंग्रजांकडून वर्षभरासाठी परत घेतलं तेव्हा त्याचं नाव न्यू ऑरेंज ठेवलं होतं, आणि न्यूयॉर्क शहराच्या झेंड्यावर नारिंगी पट्टा आजही आहे. त्या राज्यातला ऑरेंज परगणा १६८३ चा, इंग्लंडच्या राजघराण्यात लग्न केलेल्या तिसऱ्या विल्यमवरून. हाच विल्यम पुढे इंग्लंडच्या गादीवर बसला आणि १६९० मध्ये आयर्लंडमध्ये बॉइनची लढाई जिंकला. आयर्लंडच्या झेंड्यातला नारिंगी पट्टा त्याच्या प्रोटेस्टंट अनुयायांसाठी आहे. कॅरिबियनमध्ये अरुबाची राजधानी ओरान्येस्टाड, तीही याच घराण्याची.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण तर मला फार आवडतं. न्यू साउथ वेल्समधलं ऑरेंज हे नाव थॉमस मिचेल या मोजणी अधिकाऱ्याने सुचवलं. स्पेनमधल्या युद्धात तो आणि तेव्हाचा ओरांजचा राजपुत्र एकाच सैन्यात होते. हे गाव उंचावर, तिथे हिवाळ्यात बर्फ पडतं, संत्र्याला ते हवामान चालत नाही. ते प्रसिद्ध आहे सफरचंदांसाठी.

काही नावं रंगावरूनच आहेत. व्हिएतनाममध्ये फवारलेलं 'एजंट ऑरेंज' हे विष त्याच्या पिंपांवरच्या नारिंगी पट्ट्यावरून ओळखलं गेलं. मुंबईत पूर्वी 'ऑरेंज' नावाची मोबाइल सेवा होती, जिचं पुढे हच आणि मग व्होडाफोन झालं. ते इंग्लंडमध्ये १९९४ साली सुरू झालेल्या ब्रँडचं नाव, रंगावर बेतलेलं. त्यांचा ना शहराशी संबंध, ना फळाशी.

फळावरून खरोखर नाव पडलेल्या जागाही आहेत, आणि संदेश पाठवायचाच तर त्यांच्याबद्दल पाठवा. कॅलिफोर्नियातला ऑरेंज परगणा १८८९ मध्ये लॉस एंजेलिसमधून वेगळा झाला, त्याचं नाव फळाच्या भरवशावर ठेवलं. फ्लोरिडातल्या ऑरेंज परगण्याचं नाव १८४५ पर्यंत मॉस्किटो, म्हणजे डास, असं होतं. लोकांनी तिथे येऊन वस्ती करावी असं वाटत असेल तर ते नाव बदलणं भागच होतं, आणि बदलून ठेवलं ते संत्र्याचं. आमच्या नागपूरचं नाव नाग नदीचं. 'संत्रानगरी' हे बिरुद मात्र अस्सल फळाचं, आजूबाजूच्या काटोल, नरखेड, वरुडच्या बागांनी मिळवून दिलेलं, आणि त्या फळाला २०१४ पासून भौगोलिक मानांकनही आहे.